अकरा जागी बदललेली ओळ

‘रस्ता उघडा होता. सकाळपासून त्यावरून तीन गाड्या गेल्या होत्या.’

ही दोन वाक्यं मॅडमनी मला सांगितली आणि मी ती टाइप केली नाहीत. त्यांच्या जागी लिहिलं, रस्ता बंद होता. मॅडमना दिसत नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं म्हणूनच तर मी तिथे होते.

मॅडम अमेरिकन. अबू धाबीच्या खलिफा सिटीत मी एका शाळेच्या लायब्ररीत असिस्टंट आहे. तिथे त्या कित्येक वर्षं वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवत होत्या. उंच, कमी बोलणाऱ्या, स्टाफरूमच्या पार्ट्यांना न येणाऱ्या. त्या कादंबऱ्या लिहितात हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. मला कळलं तेही त्या रिटायर झाल्यावर. वर्षाअखेरीला आम्ही जुनी, कुणी न नेलेली पुस्तकं बाद करतो. त्या गठ्ठ्यात एक कादंबरी निघाली. मागच्या कव्हरवर तरुण बाईचा फोटो होता, आणि केस सोडले तर त्या मॅडमच होत्या. मी पुस्तक घरी नेलं. एका मोठ्या तळ्यावर फेरीबोट चालवणाऱ्या माणसाची गोष्ट होती. विशेष काही घडत नव्हतं, तरी मला ती सोडवेना. माझं गाव दापोलीकडे, खाडीच्या काठाला. तरीच्या होडीची वाट बघणारी माणसं मला ठाऊक होती. या बाईला ती कशी कळली, याचं नवल वाटत राहिलं.

मॅडम शाळेजवळच एका व्हिलाच्या मागच्या पोर्शनमध्ये राहायच्या. पुस्तक त्यांना द्यायला म्हणून गेले. दार उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण माझ्या कानाच्या बाजूला. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. कपात बोट घालून त्या चहा ओतायच्या.

“तू टाइप करतेस?” त्यांनी विचारलं.

दापोलीला मी टायपिंगचा क्लास केला होता. तसं सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून शाळा सुटली की मी तीन दिवस त्यांच्याकडे जाऊ लागले. त्या पाचवी कादंबरी सांगायच्या, मी लॅपटॉपवर उतरवायची. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे मी ते माझ्या भाषेत लिहितेय.

त्यांच्या चार कादंबऱ्या झाल्या होत्या. पहिलीचं थोडं कौतुक झालं. पुढच्या तिन्ही छापल्या गेल्या आणि विसरल्या गेल्या. शेवटची तर एका बाईने आपल्या घरातून चालवलेल्या छोट्या प्रकाशनाने काढली होती. त्यांच्या शेल्फावर दुसरी, म्हणजे मी वाचलेली फेरीबोटीची, तिसरी आणि चौथी होती. पहिली नव्हती. एकदा विचारलं तर म्हणाल्या, “ती मी ठेवत नाही,” आणि पुढचं वाक्य सांगायला लागल्या. विमानतळ जवळ असल्यामुळे वरून विमान गेलं की त्या थांबायच्या. आवाज विरला की अर्ध्यावर सोडलेल्या शब्दापासून पुढे. एकदाही चुकल्या नाहीत.

त्यांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राचा आवाज चालत नसे. तो स्वल्पविराम गिळतो, म्हणायच्या. म्हणून प्रकरण संपलं की सगळं मी वाचून दाखवायची.

असं वर्षभर चाललं असेल. त्यांच्या डोळ्यांत दर थोड्या महिन्यांनी इंजेक्शन द्यायचे, त्या दिवशी मी सोबत जायची. एकदा इंजेक्शननंतर आम्ही हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो. टॅक्सीवाला नमाजाला गेला होता. मॅडमच्या डोळ्यांवर पट्टी होती. त्यांनी सहज विचारलं, “तुझी आई कशी गेली?”

मी त्यांना खरं सांगितलं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. समोरच्याचे डोळे बांधलेले होते, एवढंच असेल.

अम्माला झटका आला तेव्हा भाईने गावाहून फोन केला, “लगेच ये.” मी म्हणाले, “पासपोर्ट व्हिसा रिन्यूला गेलाय. आला की निघते, इन्शाल्ला.” त्या काळी शिक्क्यासाठी पासपोर्ट खरंच द्यावा लागे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पासपोर्ट माझ्या कपाटात होता, स्वेटरांखाली. अम्मा नऊ दिवस होती. नऊ दिवस भाई फोन करत होता आणि नऊ दिवस मी तेच सांगत होते. प्रत्येक खोट्याला मी इन्शाल्ला जोडलं. दहाव्या दिवशी सकाळी ती गेल्याचा फोन आला आणि दुपारी तिची मय्यत झालीसुद्धा.

का गेले नाही? अम्मा दोन महिने मागे लागली होती, “पुरे झालं आता, परत ये, माझ्याजवळ राहा.” आमचं त्यावरून भांडण झालं होतं. मला भीती वाटली की गेले तर ती माझा हात धरील आणि मग मला परत येता येणार नाही. नोकरी, मुलीची शाळा, सगळं संपेल. माझ्या नवऱ्याला हे माहीत होतं. तो रास अल खैमाला टाइल्सच्या फॅक्टरीत आहे, शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो. तो तेव्हा काही बोलला नाही, नंतरही नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. माझा हात धरला नाही. एवढंच विचारलं, “भाऊ कुठल्या वेळी फोन करायचा?”

“सकाळी. मी शाळेला निघताना.”

मला वाटलं, विषय संपला.

दोन महिन्यांनी त्यांनी सातवं प्रकरण सुरू केलं. कादंबरीत एक बाई होती. गावापासून दूर एका शहरात, कारकुनी करणारी. हिवाळा, बर्फ. तिची आई गावी आजारी पडते. भाऊ फोन करतो. मॅडम सांगत होत्या, मी टाइप करत होते. फोन सकाळी आला, बाई कामाला निघण्याच्या वेळी. तिथे माझी बोटं थांबली.

“चुकलं का काही?” मॅडम म्हणाल्या.

“नाही. सांगा.”

बाई भावाला म्हणाली, बर्फामुळे रस्ता बंद आहे, उघडला की निघते. मग ती खिडकीशी गेली. आणि मॅडमनी ती दोन वाक्यं सांगितली. रस्ता उघडा होता. सकाळपासून त्यावरून तीन गाड्या गेल्या होत्या.

वरून विमान गेलं. मॅडम थांबल्या होत्या, मीही. त्या आवाजात मी टाइप केलं, रस्ता बंद होता. आणि पुढच्या ओळीवर गेले.

कुणाला कळलं असतं? बर्फ, अमेरिका, कुठली कोण बाई. पण माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते आणि हाताला लागेल ते इंग्रजी पुस्तक वाचते. लॅपटॉप तिनेच मला लावून दिला होता, माझं स्पेलिंग तीच तपासायची. नानीच्या वेळी मम्मीचा पासपोर्ट अडकला होता, ही गोष्ट तिने कितीदा ऐकलेली. गावी भाईच्या घरातही ती तशीच सांगितली जाते, आणि तिथे माझ्यासाठी हळहळतात. त्या हळहळीवर मी इतकी वर्षं जगत होते.

त्या प्रकरणात ती ओळ वेगवेगळ्या रूपांत येत राहिली. दूधवाल्याची गाडी आली. शेजारीण त्याच रस्त्याने जाऊन आली. बाई स्वतः दुकानात जाऊन आली. प्रत्येक वेळी मी रस्ता बंद केला. अकरा वेळा.

मग प्रकरण संपलं आणि मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. “वाच.”

पडद्यावर एक होतं आणि मला दुसरं वाचायचं होतं. मी आठवेल तसं, त्यांनी सांगितलेलं बोलत गेले. डोळे खोट्या ओळीवर ठेवायचे आणि जिभेने खरी ओळ म्हणायची, हे किती कठीण असतं ते मला त्या दुपारी कळलं. दोनदा माझा तोल जाता जाता सावरला.

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “ती ओळ पुन्हा वाच.”

मी पुन्हा म्हटली.

“मी ‘सकाळपासून’ म्हटलं होतं. तू ‘पहाटेपासून’ वाचलंस.”

“टायपिंगची चूक. सुधारते.” मी उगाच दोन-चार बटणं दाबली. त्यांनी मान कलती करून त्या बटणांचा आवाज ऐकला.

“पुढे,” त्या म्हणाल्या.

दोन महिन्यांत कादंबरी पूर्ण झाली. त्या घरगुती प्रकाशनवाल्या बाईंना मीच ईमेलने पाठवली. पाठवण्याआधी सगळं दुरुस्त करता आलं असतं. रोज तसं ठरवायची आणि रोज टाळायची. मनाशी म्हणायची, चौथी कुणी वाचली होती, की ही वाचतील? आणि असं म्हणताना स्वतःचीच लाज वाटायची. कारण मॅडम वाक्य सांगताना कशा बसायच्या ते मी बघत होते. पाठ ताठ, हात मांडीवर, जणू कुणी समोर बसून परीक्षा घेतंय. एका शब्दासाठी अर्धी दुपार जायची. त्यांच्याकडे आता दुसरं काही उरलं नव्हतं. मुलंबाळं नाहीत. अमेरिकेत एक बहीण होती, पण तिचा कधी फोन आल्याचं मला आठवत नाही.

ईमेल मीच उघडायची. “काही आलं?” त्या विचारायच्या. “नाही,” म्हणताना मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्यांचा चेहरा पडायचा.

शेवटी एका सोमवारी उत्तर आलं. मी मोठ्याने वाचायला लागले. बाईंना कादंबरी आवडली होती, त्या छापणार होत्या. मॅडमनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी पुढे वाचत होते, आणि पुढची ओळ डोळ्यांना आधी दिसली, म्हणून थांबले.

“काय आहे?”

ते गाळता आलं असतं. ईमेल इथेच संपला म्हणता आलं असतं. अकरा खोट्यांवर बारावं. मी वाचलं.

“सातवं प्रकरण मात्र मला कळलं नाही. रस्ता बंद होता, तर त्या बाईला जन्मभर इतकं का लागतं? तिचा दोष काय?”

मॅडमनी हात खाली घेतले.

“रस्ता बंद होता?”

“मी बदललं.”

“किती ठिकाणी?”

“अकरा.”

“आणि मला वाचून दाखवलंस ते?”

“पाठ म्हटलं.”

त्या उठल्या. भिंतीला हात लावत सिंकपर्यंत गेल्या, नळ सोडला, बंद केला. माझ्याकडे पाठ होती.

“मी आंधळी आहे म्हणून,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “तुला जमलं, कारण मी आंधळी आहे.”

“आणि तुम्ही माझी गोष्ट घेतलीत,” माझ्या तोंडून निघून गेलं. “न विचारता. ती मी तुम्हाला सांगितली होती, पुस्तकाला नाही.”

“आज जा,” त्या म्हणाल्या.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. शाळेत कुणी हाक मारली की दचकायची. त्यांनी प्रिन्सिपलना एक फोन केला असता तर माझ्याकडे बोलायला तोंड नव्हतं. पण नोकरीच्या भीतीपेक्षाही मला दुसरंच टोचत होतं. त्यांच्या चहाचं कोण बघत असेल, डोळ्यांत थेंब कोण घालत असेल. रागही येत होता. त्यांचा आणि माझा, आळीपाळीने.

पुढच्या मंगळवारी मी न बोलावता गेले. दार त्यांनी लगेच उघडलं. माझी पावलं त्यांना ओळखू यायची.

“बस,” म्हणाल्या. “पहिली कादंबरी मी का ठेवत नाही, ते विचारलं होतंस.”

आणि त्यांनी सांगितलं. त्या आणि त्यांची धाकटी बहीण एका लहान गावात वाढल्या. वडिलांची दुधाची डेअरी होती. बहीण एकोणीस वर्षांची असताना तिने डेअरीचा ट्रक मागे घेतला आणि मागे खेळत असलेला त्यांचा लहान भाऊ चाकाखाली आला. वाचला, पण पाय कायमचा गेला. ट्रक मी चालवत होतो, असं वडिलांनी सगळ्या गावाला सांगितलं आणि मरेपर्यंत तेच सांगितलं. खरं घरातल्या चौघांनाच ठाऊक होतं.

“मी पहिल्या कादंबरीत ट्रकची होडी केली,” मॅडम म्हणाल्या. “गावाचं नाव बदललं, बहिणीचे केस बदलले. मला वाटलं, एवढं पुरे. पुस्तकाचं कौतुक झालं, म्हणून गावातल्या सगळ्यांनी वाचलं. आणि सगळ्यांना कळलं. बहिणीने मला एकच फोन केला. म्हणाली, बाबांनी जे आयुष्यभर झाकलं ते तू विकलंस. त्यानंतर नाही बोलली. मी तिथे राहू शकले नाही. एवढ्या लांब नोकरी घेतली, ती त्यासाठी.”

“मग पुन्हा तेच का केलंत?” मी विचारलं.

“कारण मला दुसरं काही येत नाही,” म्हणाल्या. “हे कारण आहे, माफी नाही. ती ओळ तुझी आहे. राहू दे म्हणालीस तर राहील. नको म्हणालीस तर अख्खं प्रकरण काढते. पण बंद रस्ता ठेवणार नाही. ते खोटं लिहिणं होईल.”

“प्रकरण काढलं तर पुस्तक राहील?”

“नाही,” त्या म्हणाल्या.

“मला थोडे दिवस द्या.”

शुक्रवारी नवरा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, “इतकी वर्षं हे घरात बसलंय. खलास कर एकदाचं. पुस्तकासाठी नाही, आपल्यासाठी.” मग जरा वेळाने म्हणाला, “मीही तेव्हा बोलायला हवं होतं.”

शनिवारी आम्ही तिघं गाडीने त्याच्याकडे रास अल खैमाला निघालो. मुलगी मागे हेडफोन लावून बसली होती. वाटेत एका पेट्रोल पंपावर नवरा चहा आणायला उतरला, मुद्दामच. मी मागे वळले आणि तिला हेडफोन काढायला सांगितले. तीन-चार वाक्यांत सगळं बोलून टाकलं, थांबले असते तर जमलं नसतं.

“यू लाइड टू मामू? फॉर नाइन डेज?”

“हो.”

“अँड बाबा न्यू?”

“हो.”

ती दार उघडून उतरली आणि पंपाच्या भिंतीशी उन्हात जाऊन उभी राहिली. पाठ आमच्याकडे. नवरा चहाचे ग्लास घेऊन मध्येच थांबला. मी उतरून तिच्याजवळ गेले नाही. जावं असं फार वाटत होतं, पण ते माझ्या हातात नव्हतं. दहा मिनिटांनी ती आली, दार लावलं, आणि म्हणाली, “आता मामूला सांग. आत्ता.” मराठीत म्हणाली. इतक्या दिवसांत ती मराठीत एवढं बोललेली मला आठवत नव्हतं.

मी गाडीतूनच भाईला फोन लावला. तो आनंदाने बोलायला लागला, आंब्यांचं काहीतरी सांगत होता. मी त्याला मध्येच तोडलं.

“भाई, अम्माच्या वेळी पासपोर्ट घरातच होता.”

आधी त्याला कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. फोनवर मागे त्याची नातवंडं ओरडत होती. मग त्याने विचारलं, “नऊही दिवस?”

“नऊही दिवस.”

“मग आता कशाला सांगितलंस?” तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर मी केलेले फोन त्याने उचलले नाहीत. वहिनी उचलायची, कसे आहात विचारायची, आणि हे बाहेर गेलेत म्हणायची.

सोमवारी मी मॅडमकडे गेले आणि सातवं प्रकरण उघडलं. “राहू दे,” म्हणाले. अकराही ठिकाणी रस्ता उघडला. मग सुरुवातीपासून त्यांना वाचून दाखवलं, या वेळी पडद्यावर होतं तेच. एका जागी मी थांबले आणि म्हटलं, “ती खिडकीशी उभी राहून रडत नाही, मॅडम. तिला रडू येत नाही. ती भाजी चिरते. लागते त्यापेक्षा किती तरी जास्त चिरते, आणि मग ती कुणाला द्यायची ते कळत नाही.”

मॅडमनी ऐकलं. “तसं लिही,” म्हणाल्या.

पुस्तक आलं. दोन-तीन छोट्या जागी त्याबद्दल लिहून आलं, बाकी आधीच्या तिन्हींचं झालं तेच याचंही झालं. मॅडमनी एक प्रत बहिणीला पाठवली. पत्ता मीच लिहिला. आत चिठ्ठी नव्हती. उत्तर आलेलं नाही. मॅडम सहावी कादंबरी सांगताहेत. मी तीन दिवस जातेच. माझ्याविषयी काही येणार असेल तर आधी विचारतात, आणि मी कधी कधी नाही म्हणते.

भाई चार महिने बोलला नाही. मग एका सकाळी, मी शाळेला निघताना, त्याचा फोन आला. खुशाली विचारली नाही, मीही नाही.

“त्या नऊ दिवसांत अम्मा काय काय बोलली ते तू कधी विचारलं नाहीस,” तो म्हणाला. “तेव्हा वाटायचं, तुला सोसणार नाही म्हणून विचारत नाहीस.”

मी दारात उभी होते. हातात डबा होता.

“ऐकायचंय का?” त्याने विचारलं. “सगळं चांगलं नाही त्यात. तुझ्यावर रागावलीही होती.”

“सांग,” मी म्हणाले. मग डबा खाली ठेवला आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. भाईने पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.